दगडी चेहऱ्याचा इंजिनिअर

मूकपट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच माणूस येतो, चार्ली चॅप्लिन. ढगळ पँट, काठी, छोटीशी मिशी. पण त्याच काळात, त्याच हॉलिवूडमध्ये आणखी एक बुटका माणूस सिनेमे काढत होता. डोक्यावर चपटी टोपी, मोठे मोठे डोळे आणि चेहऱ्यावर हसू औषधालासुद्धा नाही. त्याचं नाव बस्टर कीटन. नट तोच, गोष्ट रचणारा तोच आणि बहुतेक वेळा दिग्दर्शकही तोच. आपल्या मासिकात त्याच्यावर लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. हा माणूस मनाने पक्का इंजिनिअर होता. नट झालो नसतो तर सिव्हिल इंजिनिअर झालो असतो, असं तो स्वतः सांगायचा. शाळेत तो आयुष्यात एकच दिवस गेला म्हणे. म्हणजे एण्ट्रन्स, कॅप राउंड वगैरे भानगडच नाही!

त्याचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यातला. हे काही त्याचं गाव नव्हे. आईवडील फिरत्या खेळांत काम करायचे आणि त्या दिवशी मुक्काम तिथे होता, एवढंच. आपल्याकडे फडावर जन्मलेली पोरं असतात, तसंच हे. खरं नाव जोसेफ. लहानपणी जिन्यावरून गडगडत खाली आला तरी काही झालं नाही, म्हणून 'बस्टर' हे नाव पडलं. नाव ठेवणारा प्रसिद्ध जादूगार हूदिनी होता अशी कथा घरचे सांगत. कथा छान आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये.

चालता यायला लागलं तसा तो आईवडिलांबरोबर स्टेजवर आला. खेळ काय, तर व्रात्य पोरगा वडिलांना छळतो आणि वडील त्याला उचलून फेकतात. पडद्यावर, विंगेत, कधी थेट खाली वाद्यवृंदात. फेकायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसचा हँडल शिवलेला असायचा. न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था मागे लागली, कपडे काढून अंगावर वळ आहेत का ते तपासण्यापर्यंत प्रकरण गेलं. वळ सापडले नाहीत. आज वाचताना आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा असं मला वाटतं. पण त्या वयात दोन गोष्टी त्याच्या हाडामांसात शिरल्या. एक म्हणजे पडायचं कसं. दुसरी म्हणजे आपटल्यावर आपण हसलो की लोक हसायचे थांबतात आणि आपण गंभीर राहिलो की प्रेक्षागृह डोक्यावर घेतात. दगडी चेहरा तो हाच. पुढे वडिलांची दारू वाढली. दारूच्या नशेत फेकाफेकीचं टायमिंग चुकलं तर पोराची मान मोडणार. १९१७ साली आईने आणि त्याने तो खेळ बंद केला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ पडली रॉस्को आर्बकल या लठ्ठ विनोदी नटाशी. आर्बकल तेव्हा स्टार. त्याने या एकवीस वर्षांच्या पोराला 'द बुचर बॉय' या छोट्या मूकपटात काम दिलं. आता इथे काय झालं बघा. आपल्यापैकी कुणी असता तर पहिल्या दिवशी हिरोईन कोण आहे ते बघितलं असतं. कीटनने कॅमेरा मागितला. तो खोलला, आतले गिअर, शटर, फिल्म पुढे सरकवणारी यंत्रणा सगळं बघितलं आणि पुन्हा जोडून ठेवला. स्टेज आणि सिनेमा यांतला फरक त्याला या एका मशीनमध्ये दिसला. स्टेजवर प्रेक्षक जिथे बसलाय तिथून बघतो, कॅमेऱ्यात तो कुठून बघणार हे आपण ठरवतो.

पहिल्या महायुद्धात काही महिने फ्रान्समध्ये सैनिक म्हणून जाऊन आला, येताना एका कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं. १९२० मध्ये निर्माता जोसेफ शेंक याने त्याला स्वतःचा स्टुडिओ दिला. इथून पुढची आठ-नऊ वर्षं हीच खरी त्याची गोष्ट आहे.

या स्टुडिओत लिहिलेली पटकथा नसायचीच. टीम ठरलेली. तांत्रिक बाजू सांभाळणारा फ्रेड गॅबोरी, कॅमेऱ्यावर एल्गिन लेसली, आणि विनोद सुचवणारे दोन-तीन लेखक. सगळे एकत्र बसायचे, गोष्टीची सुरुवात ठरवायचे, शेवट ठरवायचे. मधलं होईल तसं होईल. गाडी अडली की शूटिंग बंद आणि बाहेर बेसबॉल सुरू. खेळता खेळता कुणाला तरी सुचायचं, की बॅट टाकून सगळे परत कामाला. (आमच्या मजल्यावर सबमिशनच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये क्रिकेट चालतं त्यालाही हेच कारण आहे, पण रेक्टर सरांना ते पटत नाही.) एखादी कल्पना जमली नाही तर फेकून द्यायची, सेट मोडून नवा उभा करायचा. पैसे जायचे, पण शेंक विचारायचा नाही.

१९२० चा 'वन वीक' हा जेमतेम वीस मिनिटांचा सिनेमा प्रत्येक सिव्हिलवाल्याने बघावा. त्या काळी अमेरिकेत घराचे सुटे भाग नंबर टाकलेल्या खोक्यांतून यायचे आणि लोक ते स्वतः जोडायचे. नवऱ्या-बायकोला लग्नात असं घर भेट मिळतं. पण मुलीवर डोळा असणारा दुसरा एकजण खोक्यांवरचे नंबर बदलून ठेवतो. हा बिचारा सूचनांप्रमाणे इमानदारीत घर बांधतो आणि घर होतं वाकडंतिकडं, दार भलत्याच मजल्यावर. वादळात ते घर भिंगरीसारखं फिरायला लागतं. त्यासाठी खरंच फिरत्या पायावर घर बांधलं होतं. शेवटी घर ओढून नेताना ते रेल्वे रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. दोघं डोळे मिटतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श करेपर्यंत उलट्या दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चक्काचूर करते. दोघं त्या ढिगाऱ्यावर 'विकणे आहे' अशी पाटी लावून चालायला लागतात.

'द इलेक्ट्रिक हाउस' मध्ये तर आपलीच खिल्ली आहे. हिरो बॉटनीचा पदवीधर, पण पदवीदानाच्या गोंधळात त्याच्या हातात इलेक्ट्रिकल इंजिनिअरचं सर्टिफिकेट पडतं आणि एक श्रीमंत माणूस त्याला घराचं वायरिंग करायला नेतो. तो पुस्तकं वाचून सरकता जिना, आपोआप वाढणारं जेवणाचं टेबल असं सगळं करतोही. मग खरा इंजिनिअर येऊन वायरी उलटसुलट करतो. या सिनेमाचं पहिलं शूटिंग १९२१ मध्ये अर्धवट सोडावं लागलं, कारण त्याच सरकत्या जिन्यात कीटनचा बूट अडकून घोटा मोडला. सिनेमा नव्याने पूर्ण झाला तो १९२२ मध्ये.

घोटा मोडलाय म्हणजे उड्या बंद. मग उड्या नसलेलं काय करता येईल? त्यातून 'द प्लेहाउस' निघाला. त्यात नाटक कंपनीतला प्रत्येकजण कीटनच आहे. वाजवणारे तोच, तिकीट काढून बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या तोच, आणि एका दृश्यात स्टेजवर नऊ कीटन एका रांगेत. कॉम्प्युटर तर सोडाच, कॅमेऱ्याला मोटरही नव्हती तेव्हा. लेन्सपुढे नऊ झडपांची पेटी बसवली. एक झडप उघडायची, एक कीटन चित्रित करायचा, ती मिटायची, फिल्म उलटी गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणायची, दुसरी झडप उघडायची. असं नऊ वेळा. लेसली हाताने हँडल फिरवत होता आणि नऊही वेळा वेग तोच ठेवायला हवा होता. कीटन मेट्रोनोमच्या टिकटिकीवर नाचला. एका फेरीत चूक झाली असती तर आधीच्या सगळ्या फेऱ्या वाया. सर्व्हेचं रीडिंग शेवटच्या स्टेशनला चुकल्यावर काय होतं ते आठवा.

१९२४ च्या 'शेरलॉक ज्युनिअर' मध्ये सिनेमा दाखवणारा एक पोरगा झोपेत स्वप्न पाहतो आणि चालत जाऊन समोरच्या पडद्यात शिरतो. तिथे त्याच्या पायाखालचं दृश्य सारखं बदलतं. बागेतल्या बाकावर बसायला जातो तर बाक गायब आणि तो रस्त्यात आपटतो, मग कडा, मग सिंह, मग समुद्र, मग बर्फ. माणूस तिथेच, भोवतालचं जग वेगळं. हे जमवायला दर ठिकाणी कॅमेऱ्यापासून त्याचं अंतर आणि जागा सर्व्हेच्या उपकरणांनी मोजून बसवली होती. याच सिनेमात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा नळ धरून तो लोंबकळतो, पाण्याचा लोंढा त्याला खाली रुळांवर आपटतो. नंतर काही दिवस डोकं खूप दुखलं, त्याने फारसं मनावर घेतलं नाही. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की तुमची मान कधीतरी मोडली होती.

आणि आता 'द जनरल'. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६२ साली उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेचं एक इंजिन पळवलं होतं, त्या खऱ्या घटनेवरून हा सिनेमा सुचला. कीटन इंजिन ड्रायव्हर, त्याचं लाडकं इंजिन शत्रू पळवतो आणि हा एकटा पाठलाग करतो. १९२६ च्या उन्हाळ्यात ऑरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ शूटिंग झालं, कारण तिथे जुन्या पद्धतीचे रूळ मिळाले. इंजिन खरी, धावतीसुद्धा खरी. एका दृश्यात तो चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, हातात एक मोठा स्लीपर, आणि पुढे रुळावर दुसरा स्लीपर आडवा पडलाय. तो हातातला स्लीपर त्या दुसऱ्याच्या टोकावर असा नेमका फेकतो की दोन्ही उडून बाजूला. पहिल्या सेमिस्टरचं मेकॅनिक्स आहे हे, फक्त चुकलं तर इंजिन रुळावरून खाली. दुसऱ्या दृश्यात तो दुःखी होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो आणि इंजिन सुरू होतं. दांडा वर-खाली होतोय, हा बसलेलाच. वाफ जरा जास्त सुटून चाकं जागच्या जागी घसरली असती तर दांड्याने त्याला भिरकावलं असतं. हे ड्रायव्हरलाही माहीत होतं आणि त्यालाही.

शेवटी जळत्या पुलावरून इंजिन जातं, पूल कोसळतो, इंजिन नदीत. हे मॉडेल नव्हे, खरं इंजिन होतं. जुलै १९२६ मध्ये ते एकदाच पाडलं, कारण दुसऱ्यांदा पाडायला इंजिन नव्हतं. ४२,००० डॉलर खर्च आला. मूकपटांच्या जमान्यातला तो सर्वांत महाग शॉट मानतात. ते धूड दुसऱ्या महायुद्धापर्यंत नदीतच पडून होतं, मग भंगारात गेलं.

इतकं करून सिनेमा पडला. टीकाकारांनी नाकं मुरडली, धंदा खर्चाच्या मानाने फारच कमी. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या सिनेमाचा हिरो गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आहे आणि कीटनला त्यात काही खटकलं नाही. त्याच्या काही छोट्या सिनेमांत काळ्या माणसांची टिंगलही आहे. ते आज बघवत नाही. तो त्याच्या काळाचा माणूस होता, हे म्हणून आपण सोडून देतो, पण ती दृश्यं येतात तेव्हा हसू थांबतं हे खरं.

१९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' मधली भिंत तुम्ही कुठल्या ना कुठल्या क्लिपमध्ये पाहिलीच असेल. चक्रीवादळात दुमजली घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीतून तो सहीसलामत. भिंत सुमारे दोन टनांची. मुद्दाम जड केली होती, हलकी असती तर वादळासाठी लावलेल्या पंख्यांच्या वाऱ्याने वाकली असती आणि खिडकी भलतीकडे आली असती. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना जागा जेमतेम दोन-तीन इंच. त्याची उभं राहायची जागा जमिनीत खिळा ठोकून ठरवलेली. दिग्दर्शक म्हणून ज्याचं नाव आहे तो चार्ल्स राइझनर बघायलाही थांबला नाही म्हणतात. पण ही एकदम सुचलेली मर्दानगी नव्हती. हीच कल्पना त्याने १९१९ मध्ये आर्बकलच्या 'बॅक स्टेज' मध्ये हलक्या पडद्यावर करून बघितली होती, १९२० मध्ये 'वन वीक' मध्ये थोडी मोठी, आणि आठ वर्षांनी पूर्ण आकारात. आधी छोटं मॉडेल, मग मधलं, मग खरं. प्रोजेक्ट गाइड आपल्याला दुसरं काय सांगतात?

त्याच वर्षी त्याने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. शेंकच्या सल्ल्यावरून तो एम.जी.एम. या बड्या कंपनीत पगारावर गेला. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड दोघांनी त्याला जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. चॅप्लिनकडे त्याच्या सिनेमांची मालकी होती. कीटनकडे कधीच नव्हती, त्याने तो विचारच केला नव्हता. काम करायला मिळतंय ना, मग कागद कोण वाचतो!

सगळीकडे असं छापलेलं असतं की बोलपट आला आणि कीटन संपला. मला हे पटत नाही. त्याचा आवाज चांगला होता, जाडसर, त्याच्या चेहऱ्याला शोभणारा. त्याचे एम.जी.एम. मधले बोलपट तर त्याच्या मूकपटांपेक्षा जास्त चालले, गल्ला जास्त झाला. संपलं ते वेगळंच. नव्या कंपनीत आधी पटकथा लिहून मंजूर करून घ्यायची, मगच शूटिंग. पहिला सिनेमा 'द कॅमेरामन', त्याची पटकथा लेखकांच्या फौजेने लिहिली. भांडून भांडून त्याने तो बऱ्यापैकी स्वतःच्या पद्धतीने केला, आणि सिनेमा उत्तम झाला, चाललाही. साहेबांनी यावरून काय निष्कर्ष काढावा? की आपली पद्धत बरोबर आहे! पुढे त्याची जुनी टीम पांगली. धोक्याची कामं त्याला करू देईनात. जिमी ड्यूरँट नावाच्या बडबड्या नटाबरोबर त्याची जोडी लावली. त्याच्या बोलपटांच्या स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आवृत्त्या काढल्या, त्यात तो पाठ केलेले उच्चार म्हणायचा. बेसबॉल नाही, सेट मोडून पुन्हा बांधणं नाही, चुकायची परवानगीच नाही. ज्याची सगळी कला चुकून बघण्यावर उभी होती, त्याच्या हातात वेळापत्रक दिलं. अभिनय राहिला, पण लिहिणारा आणि दिग्दर्शन करणारा कीटन हळूहळू काढून घेतला.

त्याने दारू जवळ केली. वडिलांचीच वाट. १९३२ मध्ये पहिली बायको नॅटली टॅलमॅज हिने घटस्फोट घेतला, दोन्ही मुलांचं आडनावही बदललं. १९३३ मध्ये कंपनीने काढून टाकलं. मग स्वस्तातले छोटे सिनेमे, एक फसलेलं दुसरं लग्न, उपचारासाठी दवाखाना. काही वर्षांनी तो त्याच एम.जी.एम. मध्ये परत गेला, आठवड्याला १०० डॉलरवर, दुसऱ्यांच्या सिनेमांना विनोद सुचवायला. पडद्यावर नाव नाही. रेड स्केल्टन वगैरे नव्या नटांना हा मागे उभा राहून पडायचं कसं ते सांगायचा. मला या काळाबद्दल वाचताना सर्वांत वाईट वाटलं.

१९४० मध्ये त्याने एलिनॉर नॉरिस या नर्तकीशी लग्न केलं. ती एकवीस वर्षांची, तो चव्वेचाळीस. हे टिकणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं. ते त्याच्या मरणापर्यंत टिकलं. १९४७ पासून तो पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत काम करायला जाऊ लागला, तिथे लोक त्याला विसरले नव्हते. १९४९ मध्ये लेखक जेम्स एजी याने 'लाइफ' मासिकात जुन्या विनोदी मूकपटांवर मोठा लेख लिहिला आणि अमेरिकेलाही आठवण झाली. १९५२ मध्ये चॅप्लिनने 'लाइमलाइट' मध्ये त्याला एका प्रवेशासाठी बोलावलं. दोघं पूर्ण लांबीच्या सिनेमात एकत्र दिसले ते तेवढंच.

त्याच्या मूकपटांचं तोवर काय झालं होतं? जुनी फिल्म नायट्रेटची, आपोआप कुजते, पेटही घेते. कीटनने चांगल्या दिवसांत बांधलेला बंगला पुढे जेम्स मेसन या नटाने घेतला होता. तिथे मेसनला बंद जागेत फिल्मचे डबे सापडले. रेमंड रोहाउअर नावाच्या एका खटपटी माणसाने अशा प्रिंट मिळवून नव्या सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतल्या. हक्कांसाठी त्याने पुढे पुष्कळ कोर्टबाज्या केल्या, पण सिनेमे वाचले. १९६० मध्ये कीटनला मानाचं ऑस्कर मिळालं. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. तिथे दाखवला होता सॅम्युअल बेकेट यांचा 'फिल्म', ज्यात कॅमेरा जवळजवळ पूर्णवेळ कीटनच्या पाठीमागे आहे. जगातला सर्वांत प्रसिद्ध चेहरा आणि तो दाखवायचाच नाही! त्याला स्वतःला हा सिनेमा काही कळला नव्हता, आणि ते तो लपवतही नव्हता.

त्याच्या आधी, १९६४ च्या शरदात, कॅनडाच्या फिल्म बोर्डासाठी त्याने 'द रेलरॉडर' केला. एक म्हातारा रूळ तपासायच्या छोट्या मोटरगाडीवर बसून पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातो, एवढीच गोष्ट. शूटिंग चालू असतानाच तो ६९ वर्षांचा झाला. या शूटिंगवरही एक माहितीपट निघाला, 'बस्टर कीटन राइड्स अगेन'. मुख्य सिनेमापेक्षा मला तो जास्त आवडतो. त्यात एक भांडण आहे. दरीवर खूप उंच रेल्वे पूल आहे, आणि तो ओलांडताना मोठा नकाशा उघडून बघत बसायचं, वाऱ्याने तो अंगाभोवती गुंडाळला जाऊन काहीच दिसत नाही, असा विनोद कीटनला हवाय. तरुण दिग्दर्शक जेरल्ड पॉटरटन घाबरतो, पुलावर नको, दुसरं काहीतरी साधं करू म्हणतो. म्हातारा फुगून बसतो. डब्यात आल्यावर बायकोपाशी धुसफुसतो की धोका पुलाचा नाहीये, दृश्य फसण्याचा आहे, आणि आपण याहून कठीण गोष्टी झोपेत करायचो. खोकला त्याला तेव्हाच लागलेला दिसतो. १ फेब्रुवारी १९६६ ला तो फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, आजार काय आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं.

पुलाचं दृश्य शेवटी त्याच्या मनासारखं झालं. सिनेमात बघा, गाडी पुलावर येते, खाली दरी, आणि त्या पिटुकल्या गाडीवर नकाशात गुंडाळलेलं एक बोचकं, वर चपटी टोपी.